नानांचे सदतीस

सोनवणे नाना कुणालाही विसरत नसत. हे मी कौतुकाने सांगत नाही. त्यांच्या वाटेला गेलेल्या माणसाची नोंद त्यांच्या डोक्यात दिवस-वेळेसकट असे, आणि ती कधी वापरायची याची त्यांना अजिबात घाई नसे. "बठ्ठं ध्यानमा शे, ताई," ते म्हणत. सगळं लक्षात आहे. म्हणताना हसत. त्या हसण्यात गोडवा शोधू नये.

मी याद्या करणारी बाई. धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात मी भांडार सांभाळत होते आणि नाना इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होते. शिंदखेड्याजवळच्या खेड्यातले. बुटके, सावळे, पायात बारा महिने त्याच चामडी चपला आणि शर्टाच्या खिशात पेनऐवजी काचेचं थर्मामीटर. नवीन मुलं त्यांना कंपाउंडर समजायची. चहा अर्धा पिऊन बशीने झाकून ठेवायचे आणि तासाभराने गार झालेला उरलेला अर्धा प्यायचे. टाइप करायचे दोन बोटांनी. माझ्याशी बोलताना प्रमाण मराठी, रागावले की अहिराणी. आणि कुणी काहीही सांगितलं की पहिला शब्द ठरलेला: "काबर?" म्हणजे का? प्राचार्यांनासुद्धा.

हा माणूस जगभर वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या तुकड्याचा राखणदार होता, हे तंत्रनिकेतनात फार थोड्यांना माहीत होतं. मला माहीत होतं, कारण ज्या सर्किट बोर्डवर ते घडलं तो माझ्या रजिस्टरमध्ये होता.

मला जेवढं समजलं तेवढं सांगते. संगणकाच्या सगळ्यांत आत बसून जो कारभार बघतो त्याला कर्नेल म्हणतात. आमच्याकडे आलेल्या बोर्डवर माहितीला कुलूप लावणारी एक वेगळी चिप होती. त्या चिपशी कर्नेलने कसं बोलायचं हे सांगणारा जो प्रोग्राम, तो ड्रायव्हर. या चिपचा ड्रायव्हर कुणी लिहिलाच नव्हता. बोर्ड 'नादुरुस्त' म्हणून परत पाठवायची यादी मी केली होती. नाना म्हणाले, "बोर्ड चांगला आहे. त्याच्याशी कुणी बोलत नाही, एवढंच." यादीतली ती ओळ त्यांनी मला खोडायला लावली.

त्याच वर्षी प्राचार्यांनी प्रयोगशाळेतला कूलर उचलून स्वतःच्या केबिनमध्ये नेला. एप्रिल होता. नानांनी तारीख ध्यानात ठेवली. धुळ्याचा मे महिना आणि वर पत्रा. त्या भट्टीत त्यांच्या लक्षात आलं की सकाळी बिनचूक चालणारी चिप दुपारी मधूनच चुकीचं उत्तर देते. चिपच्या पुस्तकात लिहिलं होतं, नव्याने चालू केल्यावर दहा मायक्रोसेकंद थांबा. नानांनी बोर्डशेजारी थर्मामीटर टेकवून तीन उन्हाळे मोजमाप केलं. पस्तीस मायक्रोसेकंद थांबलं तरी चूक यायची. छत्तीसला क्वचित यायची. सदतीसला कधीच नाही.

"मग चाळीस लिहा की सरळ," मी म्हटलं.

"काबर? सदतीसला पुरतं तर चाळीस काबर?"

कूलरचं पुढे काय झालं तेही इथेच सांगून टाकते. तिसऱ्या वर्षी साठा तपासणीची समिती बाहेरून आली, मे महिन्यातच. डेड स्टॉक रजिस्टर माझ्या हातात. नाना समितीच्या अध्यक्षांना अदबीने म्हणाले, "साहेब, रजिस्टरात कूलर प्रयोगशाळेत आहे. वस्तू नोंदीच्या जागी बघितल्याशिवाय सही करता येत नाही ना?" नियम होताच. प्राचार्यांच्या शिपायाने त्यांच्या डोळ्यांदेखत कूलर तीन जिने उतरवला, पटांगण ओलांडून प्रयोगशाळेत आणला. समितीने सही केली. त्यानंतर नानांनी प्राचार्यांना लेखी विचारलं की आता हलवायचा असेल तर कारणासह आदेश द्यावा. कारण काय लिहिणार? उरलेला मे प्राचार्यांनी पंख्याखाली काढला. नाना रोज अकरा वाजता केबिनच्या दारात उभं राहून विचारत, "साहेब, काही काम?"

ड्रायव्हर कर्नेलमध्ये जाणं सोपं नव्हतं. तिथे सगळं ईमेलवर आणि सगळ्यांदेखत चालतं. कुठल्याशा थंड देशातला एक परीक्षक नानांचं काम नऊ वेळा परत पाठवता झाला. ही ओळ का, ती ओळ का. नाना नऊ वेळा चिडले आणि नऊ वेळा त्यांनी दुरुस्त केलं. दहाव्या वेळी बोलायला काही उरलंच नाही, तेव्हा त्याने 'घेतलं' एवढंच लिहिलं. "मुका करून टाकला त्याले," नाना म्हणाले. सदतीसचं कारण मात्र त्यांनी कोडमध्ये लिहिलं नव्हतं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं: धुळ्याचा मे, पत्रा, तापमान, तीन उन्हाळ्यांची मोजमापं. पत्र कर्नेलच्या इतिहासात कायमचं जमा झालं. कोडमध्ये फक्त आकडा, आणि फाइलच्या माथ्यावर त्यांचं नाव. त्या दिवसापासून त्या ड्रायव्हरचे ते मेंटेनर झाले. म्हणजे कुणी काही बदल सुचवला की तपासायचा, कुणाचं काही अडलं की उत्तर द्यायचं. पगार नाही, सुट्टी नाही, रजेचा अर्ज द्यायला साहेबही नाही.

आता पराग चौधरी.

पराग जळगावचा. आमच्याकडे दोन वर्षं तासिकेवर शिकवायला होता. हुशार, चटपटीत, कडक इस्त्रीचे शर्ट घालणारा. नानांच्या टेबलाशी बसून तो ड्रायव्हर लिहायला शिकला, त्यांचा झाकलेला चहा चुकून प्यायचा आणि "नाना, तुमचा चहा गार होता हो" असं वर त्यांनाच ऐकवायचा. नानांना तो आवडायचा. हे महत्त्वाचं आहे. नावडत्या माणसावर ते इतकी मेहनत घेत नसत. पुढे तो पुण्याच्या एका कंपनीत मोठ्या जागेवर गेला.

नाना निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी जळगावच्या एका महाविद्यालयात परिसंवाद होता. प्रमुख पाहुणा पराग. नाना आणि मी एसटीने गेलो, चौथ्या रांगेत बसलो. परागने पडद्यावर कोड दाखवला. "हा ड्रायव्हर आमच्या टीमने शून्यापासून लिहिला," तो म्हणाला. माथ्यावर त्याचं नाव होतं. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण नानांनी माझ्या हातातली वही ओढून घेतली आणि पेनाने एकच आकडा लिहिला. ३७. पडद्यावर बघितलं. तिसऱ्या ओळीत सदतीस.

तेवढ्यात परागचं लक्ष आमच्याकडे गेलं. "अरे वा! हे सोनवणे नाना. आमच्या वेळी लॅबमध्ये असायचे. बोर्ड फार छान पुसून ठेवायचे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला.

परतीच्या बसमध्ये एरंडोल मागे गेलं. पारोळ्याला बस थांबली तेव्हा म्हणाले, "पुसून ठेवायचे."

"नाना, तक्रार करा. कंपनीला लिहा. पुरावा आहे तुमच्याकडे."

"तक्रार केली की दोन माणसं भांडताना दिसतात, ताई. लोक उठून जातात." खिशातलं थर्मामीटर काढून त्यांनी उगाच झटकलं. "माफी नको मला. त्याची नोकरी जावी असंही नाही. माझं नाव त्याने पुसलंय. ते त्यानेच लिहायचं. त्याच्या हाताने, सगळ्यांदेखत. तोवर मी त्याले सोडाव नही."

मी वहीत तारीख घातली. तशी सवयच आहे.

सव्वा वर्ष गेलं. परागच्या कंपनीचे डबे तोवर केळीच्या गाड्यांवर बसले होते. चोपड्याहून, रावेरहून केळी उत्तरेकडे जाते, तेव्हा वाटेत आतलं तापमान किती राहिलं याची नोंद हा डबा ठेवतो. नोंदीला त्याच चिपचं कुलूप, म्हणजे व्यापारी किंवा शेतकरी कुणीच आकडे बदलू नयेत. पण कंपनीच्या गिऱ्हाइकांना ड्रायव्हर कर्नेलमध्ये अधिकृत हवा होता. म्हणून परागने तो तिकडे पाठवला: जुना काढा आणि आमचा नवा घ्या. आणि जुन्याचा मेंटेनर कोण? पत्र थेट नानांकडे आलं.

मी त्या दिवशी त्यांच्या घरी, देवपुरात होते. मला वाटलं आता फटाके फुटणार. नानांनी दोन बोटांनी इंग्रजीत एकच प्रश्न टाइप केला. सदतीसच का?

"बस?"

"बस. याचं उत्तर जगात एकाच ठिकाणी आहे. माझ्या पत्रात. उत्तर द्यायचं तर माझं नाव घ्यावं लागतं."

परागने चार दिवसांनी लिहिलं की चिप बनवणाऱ्यांची तशी शिफारस आहे. नानांनी विचारलं, कुठल्या पानावर? आठवडा गेला. मग पराग म्हणाला, ती ओळ अनावश्यक वाटते, आम्ही काढून टाकतो. आणि त्याने काढली. कर्नेलमध्ये नानांनी त्याचा ड्रायव्हर घेतला नाहीच, पण कंपनीने आपल्या डब्यांतूनही सदतीस काढून टाकले. चोरीची खूण पुसण्याच्या घाईत.

नाना हसले. मी विचारलं, "आता डबे चुकणार ना?"

"चालू होताना कर्नेल चिपची परीक्षा घेतो. माहीत असलेलं गणित घालतो. सकाळी ती पास होईल. दुपारी उन्हात गाडी उभी राहिली की मग..."

"मग सांगा की त्याला."

"मी विचारलं की. दोनदा विचारलं."

हे मार्चमध्ये. नाना सांगू शकत होते, आणि त्यांनी सांगितलं नाही. हे मी इथे लिहिते आहे कारण त्यांनीच तसं सांगून ठेवलंय.

मेमध्ये माझ्या भावाचा चोपड्याहून फोन आला. तो केळी लावतो. त्याच्या दोन गाड्यांच्या नोंदी उघडतच नव्हत्या. कुलूप लागलं होतं, पण चुकीचं. पलीकडचा व्यापारी म्हणत होता, वाटेत माल तापला, घेत नाही. आणि तापला नव्हता हे दाखवायला भावाकडे कागद नव्हता. गावातल्या आणखी चौघांचं तेच. कंपनीची माणसं गाडीची वायरिंग तपासत बसली होती, कारण पुण्याच्या थंडगार खोलीत तेच डबे बिनचूक चालत होते.

मी तडक नानांकडे गेले आणि दारातच बोलले, "तुमचा सूड माझ्या भावाच्या केळीवर निघाला."

त्यांनी चहा खाली ठेवला. झाकला नाही. म्हणाले, "तुझ्या वहीत चुका करणाऱ्यांची यादी आहे ना? त्यात माझं नाव घाल. आज." आणि मग फोन उचलून त्या परिसंवादानंतर पहिल्यांदा परागला लावला. तो जळगावातच होता, तक्रारी ऐकत. "बोर्ड घेऊन ये. आजच. बरोब्बर दोनला पोच."

पराग गाडीतून उतरला तेव्हा शर्टाला इस्त्री होती. नानांनी त्याला गच्चीवर नेलं. तिथे पत्र्याची शेड, लोखंडी खुर्ची आणि खिळ्याला टांगलेलं थर्मामीटर. पारा चव्वेचाळीसवर.

"नाना, खाली बसायचं का? पंख्याखाली?"

"काबर? चिपले ऊन लागू दे. तुले बी."

बोर्ड चालू केला. परीक्षा पास. पराग हुश्श करून माझ्याकडे बघायला लागला. मी बघितलं नाही. वीस मिनिटांनी पडद्यावर पहिली चूक आली. मग दुसरी. नानांनी एक ओळ परत घातली, बोर्ड पुन्हा चालू केला आणि आम्ही तिघं तासभर त्या पत्र्याखाली बसलो. एकही चूक आली नाही. परागची इस्त्री केव्हाच गेली होती. तो हुशार होता, त्याला सांगावं लागलं नाही. थर्मामीटरकडे बघितलं, मग आकड्याकडे, मग खाली.

"आधी तुझ्या माणसांना फोन कर," नाना म्हणाले. "डब्यांत ही ओळ आज घाला. गाड्या उभ्या आहेत. आणि पाचही जणांच्या व्यापाऱ्यांना कंपनीच्या कागदावर लिहून द्या, की चूक डब्याची, मालाची नाही."

त्याने फोन केला. पंधरा मिनिटं बोलत होता. मी वहीतली पाच नावं वाचून दाखवली, त्याने पाचही पलीकडे सांगितली. फोन ठेवून तो उठायला लागला, तर नानांनी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

"गाडीसनं व्हयनं. आते मनं." गाड्यांचं झालं, आता माझं.

"नाना..."

"तुझा ड्रायव्हर मागे घेतो असं लिही. सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलच्या यादीवर. आणि जुन्यात सदतीसच्या वर कारण लिही. कुणी शोधलं, कुठे, कसं. मी चुकून कोडमध्ये लिहिलं नव्हतं, म्हणून तुझं फावलं. आता तू लिहायचं."

"सॉरी नाना. खरंच सॉरी. मी तेव्हा..."

"सॉरी हवेत जातं. इथं लिहिलेलं कुणाला पुसता येत नाही. लिख."

त्याने लिहिलं. घामाने बोटं कळांवरून घसरत होती. हे काम कुणाचं होतं, कुठल्या गावात, कुठल्या उन्हात, ते सगळं. शेवटी नानांचं नाव. नाना मागे उभे राहून वाचत होते. पाठवून झाल्यावर त्यांनी त्याला पाणी दिलं, माठातलं. पाणी आधी का दिलं नाही, असं मी नंतर विचारलं. नाना म्हणाले, "ध्यानमा होतं."

इथे दुसऱ्या कुणाचाही सूड संपला असता. दोन महिन्यांनी नानांनी कर्नेलकडे आणखी एक बदल पाठवला: या ड्रायव्हरचा मेंटेनर यापुढे पराग चौधरी. पराग पेढे घेऊन धुळ्याला आला. पाया पडला. डोळ्यांत पाणी. मलाही वाटलं, चला, मिटलं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "मोठं मन केलंत, नाना."

"मोठं?" ते पेढा खात होते. "ताई, हे काम मी बारा वर्षं केलं. कुणी ब्राझीलमधून विचारतो माझा बोर्ड का उठत नाही. दिवाळीत एक यंत्र आपोआप वीस तक्रारी पाठवतं. बायकोचं ऑपरेशन होतं त्या दिवशीसुद्धा एकाला उत्तर दिलं मी. आता तो देईल. सोडून जायची सोय नाही, सगळं जग बघतंय. खूश आहे आज तो. दिवाळीले इचार."

दिवाळीत मी खरंच फोन केला. "ताई, हे नाना कसे करायचे हो?" पराग म्हणाला. मी निरोप पोचवला. नानांनी तो दोनदा सांगायला लावला.

त्यांना शेवटचं बघितलं ते पुढच्या मेमध्ये. किडन्या थकल्या होत्या. गच्ची बंद झाली होती, पण खालच्या ओट्यावर खाट आणि खांबाला तेच थर्मामीटर. फोन अगदी नाकाशी धरून ते काहीतरी वाचत होते, ओठ हलवत. मला दाखवलं. कुणा अनोळखी नावाच्या माणसाने यादीवर विचारलं होतं: सदतीसच का? चाळीस का नाही? आणि खाली परागचं लांबलचक, नीट उत्तर. धुळे, पत्रा, तीन उन्हाळे. सोनवणे यांनी मोजलं.

"कुणी विचारलं हे?"

नाना नुसते हसले. मग माझ्या पिशवीतून वही काढून घेतली, माझ्या पुढच्या वर्षीच्या कामांचं पान उघडलं आणि मे महिन्यात, गॅसची नळी बदलणे आणि पाण्याची टाकी धुणे यांच्या खाली, वाकड्या अक्षरात लिहिलं: पराग, सदतीस. वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा फोन नाकाशी नेला. मी फाटकाबाहेर पडून रिक्षात बसले, वळून बघितलं, तर ते आपलं नाव परत पहिल्यापासून वाचत होते.

थंडीत ते गेले.

यंदा मे लागला. गॅसची नळी बदलली. टाकी धुतली. मग मला येतं तेवढ्या इंग्रजीत एका परक्या नावाने प्रश्न पाठवला. तासाभरात उत्तर आलं. धुळे, पत्रा, तीन उन्हाळे, सोनवणे यांनी मोजलं. काही राहिलं नव्हतं. मागोमाग फक्त मला असं एक वेगळं पत्र आलं, मराठीत. "ताई, तुम्हीच ना? आता नाही विचारलंत तरी मी लिहीन."

मी त्याला उत्तर दिलं नाही. ओळीवर खूण केली आणि पुढच्या वर्षीच्या पानावर तीच ओळ उतरवून घेतली.